चेकरांची बदकं

या वर्षी फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घराच्या परसात बदक मेलेलं आढळलं. ती मादी होती. वय साधारण सात वर्षं. अंगावर जखम नव्हती, कुत्रं किंवा मुंगूस येऊन गेल्याची खूण नव्हती. त्या परसातलं ते शेवटचं बदक होतं.

ज्यांचं ते बदक, त्यांना गल्लीत चेकर म्हणत. चादरींच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं माल तपासण्यात घालवली होती. टेबलाला काच, काचेखाली ट्यूबलाइट. वरून चादर ओढली जायची आणि त्यांनी बघायचं. तुटका धागा, तेलाचा डाग, विणीत पडलेली जाळी, वाकडा काठ, यातलं काही दिसलं की त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा. दोरा लागला की माल सेकंड. दोरा नसलेला माल फ्रेश. दोष केवढा आहे हे ते ठरवत नसत. ते म्हणत, "दोष दिसला की दोरा. बारीक हाय का मोठा, ते बघायला मालक हाय की."

ते निवृत्त झाले तेव्हा दोऱ्याचं एक रीळ त्यांच्याबरोबर घरी आलं.

मी काही वर्षं त्यांच्या वरच्या खोलीत भाडेकरू होतो. एका दैनिकात उपसंपादक होतो. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला नोकरी, गाव, लग्न यातलं काही विचारलं नाही. परसाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मी चाललो.

"तुमची डावी टाच आदी झिजती," ते म्हणाले. "पर ऱ्हावा. तुमची काय हितं जोडी लावायची न्हाय."

मागे शिलाई मशीनवर त्यांची मुलगी रेणुका शाळेचे गणवेश शिवत होती. ती हसली. त्या घरात मी तिला फार वेळा हसताना ऐकलं नाही.

बदकांची परीक्षा सकाळी होत असे. परसात शहाबादी फरशी होती आणि दोन फरश्यांमधला एक सांधा भिंतीपासून हौदापर्यंत सरळ गेला होता. चेकर बाजूला पाटावर बसत. हौदाच्या टोकाला भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या ठेवत आणि भिंतीकडून एकेक बदक सोडत. चांगलं बदक सांध्यावरून सरळ जायला हवं. बदक डुलतच चालतं. डुलण्याला त्यांची हरकत नव्हती. मात्र डावीकडे जेवढं डुलेल तेवढंच ते उजवीकडे डुललं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग ते बदक उचलत, दोन्ही हात पोटाखाली घालून. पाय धरून उचलणाऱ्याला ते परसात पाऊल ठेवू देत नसत. डोळा ओला आणि चमकदार हवा. चोच नीट मिटायला हवी. पंख उघडून सोडला की अंगाला चिकटून बसायला हवा, टोक बाहेर वळलेलं नको. यानंतर ते डोळे मिटत आणि छातीच्या हाडावरून अंगठा टोकापर्यंत नेत. हाड कुठे वाकलेलं असलं की अंगठा थांबे. मादीच्या मागच्या दोन हाडांमधली जागा बोटांनी मोजत. जागा असली तर ती अंडी चांगली देते. आवाज शेवटी. मादीचा मोकळा, नराचा घोगरा. ही परीक्षा पिल्लू दोन महिन्यांचं झालं की एकदा आणि अंड्यावर यायच्या आधी पुन्हा एकदा होई.

यातलं काही चूक नव्हतं. पुढे जनावरांच्या डॉक्टरांनीही जवळजवळ हेच सांगितलं. पण पंखातलं एखादं पांढरं पीस, नखाचा वेगळा रंग, शेपटीचा किंचित कल, हेही त्यांच्या लेखी वाकड्या हाडाएवढेच दोष होते. तपासून झालं की खिशातून दोरा निघे आणि बदकाच्या पायाला बसे. ते सेकंड. सेकंडला त्या परसात जागा नव्हती.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येई. पहिल्या पाण्याने हौद भरला जाई, कारण बदकाला डोळे आणि नाक बुडतील एवढं पाणी रोज लागतं. घरातली पिंपं नंतर. गल्लीत बायका रेणुकाला विचारत, आज बदकांच्या अंघोळी झाल्या का, तुमची कधी? रेणुका रिकामं पिंप नळाखाली सरकवत असे. जेवताना भाकरी मोडकी निघाली तर चेकर ती स्वतःच्या ताटात घेत आणि अख्खी तिच्याकडे सरकवत.

बदकं मूळची त्यांच्या बायकोची. तेलंगणातल्या माहेराहून त्यांनी पहिली जोडी टोपलीत घालून आणली होती. त्यांच्या वेळी परसात पांढरी, तपकिरी, ठिपक्यांची, सगळ्या तऱ्हेची बदकं होती. बाहेरची येत, इथली जात. त्यांची परीक्षा रेणुकाने मला एकदा सांगितली: "अम्मा म्हनायची, चालतंय, खातंय, वरडतंय. आनि काय पायजे?" मी तिथे राहायला जाण्याच्या थोडं आधी त्या वारल्या. शेवटचं वर्षभर त्या अंगाने उतरत होत्या. रोज समोर असूनही ते चेकरांच्या लक्षात आलं नव्हतं. हे मला रेणुकाने सांगितलं. त्यांनी हा विषय माझ्यासमोर कधी काढला नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेकर रीळ घेऊन परसात आले. तोवर ते बदकांकडे बघतही नसत. त्यांनी पहिला दोरा बांधला तो बायकोच्या लाडक्या मादीला. तिची शेपटी डावीकडे कललेली होती. संध्याकाळी त्यांची बायको तिला मांडीवर घेऊन बसत असे. रेणुका म्हणाली होती, ही राहू द्या. ते म्हणाले, तुझ्या अम्माच्या बदकांचा वंश मी नीट करून दाखवतो.

ती मादी रशीदच्या टेम्पोतून गेली. रशीद कारखान्याच्या गठड्या वाहायचा. अक्कलकोटच्या अलीकडच्या एका गावात त्याचं घर होतं आणि त्याची आई कोंबड्या पाळायची. त्यानंतर दोरा लागलेलं प्रत्येक बदक त्याच्याच टेम्पोतून गेलं. चेकर त्याबद्दल काही घेत नसत. रशीद म्हणायचा, "चाचा, सेकंडका माल हमारेकू अच्छा पडता." चेकरांना हा विनोद आवडत नसे. माल खपवण्यावरून हसायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

दोन-तीन वर्षांत परसातली बदकं एका साच्यातून काढल्यासारखी दिसू लागली. सगळी एकाच तपकिरी रंगाची, सारख्या उंचीची. कुणी आलं की चेकर म्हणत, "ह्यातलं कुटलं पन एक घ्या, दुसऱ्याच्या बाजूला ठिवा. फरक सांगा." फरक कुणालाच सांगता येत नसे. त्या दिवशी ते पाहुण्याला चहा घेतल्याशिवाय सोडत नसत.

रेणुकासाठी स्थळं येत होती. एका मुलाचा आवाज बसका वाटला. एक जण जिना चढताना कठड्याला धरून चढला. एकाचे वडील बोलताना खांदा उडवत होते; ते मुलातही उतरेल, असं चेकरांचं मत पडलं. मग स्थळं येईनाशी झाली. तिने हे मला दाताने धागा तोडता तोडता सांगितलं. तिला यातला कुणी पसंत होता का, असं मी विचारलं. "मला कुनी इचारलं न्हाय," ती म्हणाली, आणि पुढचा सदरा मशीनखाली सरकवला.

मग अंडी रिकामी निघू लागली. अंडी उबवायला कोंबडीखाली ठेवली जात. आठवडा झाला की चेकर त्यांची तपासणी करत. त्यांनी लाकडी खोक्यात एक ट्यूबलाइट बसवून घेतली होती. वर भोक, भोकावर अंडं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, नुसता पिवळा उजेड दिसला तर नाही. आधी काही अंड्यांत उजेड दिसू लागला, मग बहुतेक अंड्यांत. ज्यांत जाळं दिसे त्यांतली पिल्लं अठ्ठाविसाव्या दिवशी कवच टोचत आणि तिथेच थांबत. जी बाहेर येत त्यांतल्या काहींचे पाय पसरलेले असत.

चेकरांनी याचा अर्थ असा लावला की तपासणी कमी पडते आहे. त्यांनी ती आणखी कडक केली. जी बदकं उरली होती ती एकाच विणीची, बहुतेक सख्खी भावंडं होती. बाहेरचं बदक ते आणत नव्हते, कारण बाहेरचं एकही त्यांच्या परीक्षेत उतरत नव्हतं. बदकं कमी झाली की नातं आणखी जवळचं होई. नातं जवळचं झालं की पिल्लं अधू निघत. अधू पिल्लू निघालं की रीळ पुन्हा खिशातून निघे.

हे त्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, तेव्हा मी तिथे होतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी खोली सोडली होती, पण सुटीच्या दिवशी जाणं-येणं होतं. परसात एक नर आणि तीन माद्या उरल्या होत्या. त्यांतली दोन बदकं चेकरांनी करंडीतून नेली होती. बाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, दिसायला सुरेख आहेत. चेकरांचा चेहरा खुलला. मग त्यांनी विचारलं, बाहेरचा नर शेवटचा कधी आणला? चेकर म्हणाले, कधीच नाही.

"मग आता आणा," बाई म्हणाल्या. "पाय, छाती, डोळे धड बघा. भूक बघा. बाकी रंग, पीस, शेपटी, त्याकडे बघू नका काका. घरच्या परसात त्यानं काही बिघडत नाही. नवीन रक्त आलं नाही, तर ही वीण तुमच्याबरोबरच संपेल."

चेकर परतताना रिक्षात एवढंच म्हणाले की बाई हुशार आहेत, पण त्यांना माल पास करायची घाई आहे.

तरीही ते गेले. दुधनीच्या बाजारात रशीदने आम्हाला टेम्पोतून नेलं. एक कानडी बाई पाटीखाली आठ-दहा बदकं झाकून बसली होती. चेकर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि एकेक नर काढून बघू लागले. डोळा, चोच, पंख. डोळे मिटून अंगठा. जागा मोकळी करून नर चालवून बघितला. बाजारातली माणसं थांबून पाहू लागली. तीनदा सगळे नर बघून झाले. ती बाई शेवटी कानडीत काहीतरी म्हणाली आणि शेजारच्या बायका हसल्या. चेकरांनी रशीदकडे पाहिलं.

"विचारतीय," रशीद हसत म्हणाला, "बदक न्यायचंय का जावई?"

चेकर उठले, हात झटकले आणि टेम्पोकडे चालू लागले. येताना अक्कलकोट मागे पडल्यावर रशीदने हळूच सांगितलं की त्याच्या गावच्या पाझर तलावावर बदकं आहेत, पुष्कळ आहेत, एकदा बघून घ्या.

पुढच्या सुटीला आम्ही तिथे गेलो. रेणुकाने मशीन बंद ठेवलं आणि तीही आली. ती पुढे बसली, मी मागे रिकाम्या पोत्यांवर.

तलावात पाणी कमी होतं. कडेच्या चिखलात बदकं होती. पांढरी, तपकिरी, ठिपक्यांची, काळ्या डोक्याची. मोजायला गेलं तर हलत होती. पिल्लांच्या तीन-चार रांगा होत्या. काही मोठ्या बदकांच्या पायाला लाल दोऱ्याचे विटलेले तुकडे होते. रशीदची आई काठी घेऊन बांधावर आली.

"ये सब तुमारेच हैं, भाईसाब," ती म्हणाली. "गाववालोंके भी मिल गए उसमें."

चेकर बराच वेळ बांधावर उभे होते. मग त्यांनी चपला काढल्या आणि चिखलात उतरले. त्यांनी स्वतः एक नर निवडला. ठिपक्यांचा, रुंद छातीचा, शेपटीवर नराचं वळलेलं पीस असलेला. रशीदने तो पकडून दिला. चेकर दगडावर बसले आणि त्यांनी सगळी परीक्षा घेतली. डोळा चांगला होता. पंख चांगले होते. अंगठा छातीवरून शेवटपर्यंत गेला, कुठे थांबला नाही. फरशी नव्हती म्हणून त्यांनी काठीने चिखलात रेघ ओढली आणि नर सोडला. तो रेघेवरून सरळ गेला आणि पाण्यात शिरायच्या आधी थांबला.

तेव्हा तो आम्हाला पाठमोरा होता. त्याची शेपटी डावीकडे कललेली होती.

ती शेपटी रेणुकाने ओळखली. चेकरांनीही ओळखली असणार, कारण त्यांनी रेणुकाकडे पाहिलं नाही.

"नान्ना," ती म्हणाली, "अम्माच्या बदकाचं हाय ते. घ्या की."

ते नराकडेच बघत होते.

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय, शेपटी बघू नका म्हनून. समदं चांगलं हाय त्याचं. तुमीच बघितलं न्हवं आत्ता?"

"बघितलं."

"मग?"

"तिला दोरा मीच बांधलावता," चेकर म्हणाले. "हा आता फ्रेश म्हनून नेला, तर तवा तिला का काढली? आनि बाकीची का काढली?"

रेणुका इतक्या हळू बोलली की रशीदच्या आईने पुढे वाकून ऐकलं. "चुकलं म्हनायचं, नान्ना. येवडंच. मानूस म्हनतंय की."

चेकरांनी खिशात हात घातला. रीळ काढलं. रशीदला नर पुन्हा धरायला सांगितलं. गाठ पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा बसली.

"सेकंड," ते म्हणाले, आणि चपला हातात घेऊन बांध चढले.

रेणुका खालीच उभी राहिली. रशीद तिला म्हणाला, नर मी गुपचूप आणून सोडतो परसात, चाचांना कळायचं नाही. ती म्हणाली, त्यांना कळेल. मग ती टेम्पोत येऊन बसली. परतताना तिने खिडकीची काच पूर्ण वर घेतली होती.

त्या उन्हाळ्यात परसातला नर मेला. तीन माद्या राहिल्या. त्या अंडी देत होत्या. नराशिवायच्या अंड्यातून काही निघत नाही हे चेकरांना माहीत होतं. तरी दर आठवड्याला ते ट्यूबलाइटच्या खोक्यापुढे बसत आणि प्रत्येक अंडं भोकावर ठेवून बघत. मी एकदा शेजारी बसलो होतो. त्यांनी एक अंडं माझ्या हातात दिलं. "कवच बघा," ते म्हणाले. "येक डाग न्हाय." अंडी रेणुका भाजीत घालत असे. नंतर तिने ती शेजाऱ्यांना द्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या वर्षी एक मादी गेली. गेल्या दिवाळीनंतर दुसरी. राहिलेल्या मादीला ते रोज सकाळी भिंतीकडून सोडत आणि ती सांध्यावरून हौदापर्यंत जाई. शेवटी शेवटी ती मध्येच बसे. तिच्या पायाला दोरा बांधला गेला नाही. फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी तिला रेणुकाने पाहिलं, चेकरांना उठवलं आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा त्यांनी तिला मांडीवर घेतलं होतं. पंख उघडून पाहत होते. उघडलेला पंख ते सोडत आणि तो तसाच उघडा राहत होता.

तिला परसात, हौदामागे पुरलं.

मार्चमध्ये रशीद घरी आला. त्याने सांगितलं की तलावावर यंदा पिल्लं पुष्कळ निघाली, आणि बहुतेक त्या ठिपक्यांच्या नराची आहेत. त्या नराच्या पायाचा लाल दोरा रशीदच्या आईने काढलेला नाही. पाण्यात लांबून तो ओळखायला सोपा जातो.

चेकर पाटावर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, पिल्लं चालतात कशी?

"सीधी चलती, चाचा."

"शेपट्या?"

रशीदने रेणुकाकडे पाहिलं. तिने मशीन थांबवलं होतं.

"डावीकडं," रशीद म्हणाला.

चेकर उठले. पाट उचलून आत नेला. त्यानंतर ते परसात आलेले नाहीत. हौद रेणुकाने रिकामा केला आहे. मागच्या दाराला आतून कडी असते.